अर्धी टाकी

भरली टाकी म्हणजे निजलेलं लेकरू. कुठंही न्या, हूं की चूं नाही. रिकामी टाकी नुसता पत्रा; वाजेल, पण वाकड्यात शिरणार नाही. अर्धी टाकी मात्र रुसलेलं माणूस. तुम्ही पुढे निघालात की ती मागे रेलणार, थांबलात की पुढे धावणार, वळलात की उलट्या अंगाला चढून बसणार.

एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवून दाजींना हे पाठ झालं होतं. दाजी ते एकट्या मेव्हण्याचे. पण तोही डेअरीतच ड्रायव्हर, आणि त्याचं ऐकून सगळी डेअरीच त्यांना दाजी म्हणायची. एवढ्या मेव्हण्यांना पुरून उरलेला हा एकच दाजी.

आज दुसऱ्या केंद्रावरचं दूध नासलेलं निघालं, म्हणून टँकर अर्धाच भरून निघाला. मेव्हण्याची गाडी दुरुस्तीला होती, तो शेजारी बसला होता. टाकी अर्धी आहे, गाडी मी घेतो, असं तो निघताना दोनदा म्हणाला. अजून माझे हात शाबूत आहेत, असं सांगून दाजींनी त्याला गप्प केलं.

हात शाबूत होतेच. गेला होता तो उजवा गुडघा. तीन महिने झाले, ब्रेकवर जोर दिला की आतून भुसभुशीत मातीसारखा खचायचा. बायकोला सांगितलं तर मेव्हण्याला कळणार, मेव्हण्याला कळलं तर डेअरीला. मग स्टिअरिंग सुटणार. आणि स्टिअरिंग सुटलं की आपण कोण, हे दाजींना ठाऊक नव्हतं.

चौकात दिवा लाल झाला. दाजींनी गाडी हळूच थांबवली. दुसरी गाडी थांबली की थांबली. दुधाची थांबत नाही. पाण्याच्या टाकीत लाट मोडायला आडवे पत्रे असतात, दुधाच्या टाकीत ते घालता येत नाहीत, कोपऱ्यात साय अडकून कुजते. म्हणून दूध आधी पुढच्या भिंतीवर आदळतं, मग मागे जातं, मग फिरून पुढे येतं. ते दमेपर्यंत ब्रेकवरचा पाय हलवायचा नाही, हा दाजींनीच मेव्हण्याला शिकवलेला पहिला धडा.

दूध मागे गेलं तेव्हा गुडघा थरथरायला लागला. सपाट रस्ता, थांबलेली गाडी. दाजींनी पायाला क्षणभर विसावा दिला.

तेवढ्यात दूध फिरून आलं. पाठीत कुणी धक्का द्यावा तशी अख्खी गाडी पुढे सरकली. समोरून एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडत होती.

मेव्हण्याने हँडब्रेक ओढला. म्हातारी आणि बंपर यांच्यात हातभर अंतर राहिलं. तिने काठीने बंपरवर दोन टोले हाणले, डोळे फुटले का म्हणून विचारलं, आणि आपल्या चालीने निघून गेली.

"दाजी, पाय का काढलात?"

"काढला नाही. सुटला."

 मेव्हण्याने विचारलं, "ताईला माहितीय?"

"नाही."

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. मेव्हणा खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "मी काही पाहिलं नाही, दाजी."

तेवढं वाक्य पुरे होतं. गाडी डेअरीत नेता आली असती, उद्याही, परवाही. पण पुढे उताराचं वळण होतं, आणि त्या वळणावरही माणसं रस्ता ओलांडायची. दाजींनी दार उघडलं, दांडीला धरून एकेक पायरी उतरले आणि हॉर्न ऐकत गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराशी आले.

"सरक तिकडे," ते म्हणाले. "आणि ताईला तू नको सांगूस. मी सांगतो."

डेअरीत पोचल्यावर त्यांनी आधी सुपरवायझरला गाठलं. गुडघा, चौक, म्हातारी, सगळं सांगितलं. त्याने डोकं वर न करता विचारलं, मग उद्यापासून गाडी कोणाकडे? दाजींनी मेव्हण्याकडे बोट केलं.

नळीतून दूध उतरायला लागलं. दाजी टँकरच्या पायरीवर बसले, पाय लांब केला आणि सगळ्यांदेखत गुडघा चोळायला लागले.