अकरावा बोळा

हातवाल्यानं बाईच्या पोटात चार बोटं बुडवली आणि अख्ख्या हॉलमधून एकच ‘आई गं!’ उठलं. बोटांच्या कडेनं रक्त आलं आणि ओघळून कमरेखालच्या टॉवेलात मुरलं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा खुर्चीवरच उभा राहिला.

“बसा हो आजोबा! तुमच्या पाठीतून दिसत नाही आम्हाला!” मागून कुणीतरी ओरडलं.

एरवी या हॉलमध्ये टेबल-टेनिसच्या स्पर्धा व्हायच्या. आज मध्यभागी एक पलंग होता, त्यावर पांढरा टॉवेल, शेजारी कापसाच्या बोळ्यांचं ताट आणि एक मोठं काचेचं भांडं. भोवती नुसत्या हातानं रोग काढणाऱ्या या बाबाकडे आलेली तीनशे माणसं, प्रत्येकाच्या हातात नंबराचा कागद.

“डॉक्टर काय करतो?” हातवाल्यानं बोटं पोटातच ठेवून विचारलं. “चार भोकं पाडतो. आत दुर्बीण घालतो. मग पडद्यावर बघत बसतो. अरे, पोट समोर आणि नजर टीव्हीवर! माझ्या बोटांनाच डोळे आहेत. भूल नाही, टाका नाही, व्रण नाही!”

त्यानं बोटं वर काढली. चिमटीत एक खडा होता. तो त्यानं स्टीलच्या वाटीत टाकला. टण्ण! मग एकेक बोळा घेऊन पोट पुसलं आणि प्रत्येक लाल बोळा लोकांना दाखवत काचेच्या भांड्यात टाकला. “बघा, बाहेर पडला रोग!” पोट कोरं करकरीत. बाई उठून चालू लागली. टाळ्या थांबेनात.

तिसऱ्या रांगेतला पेटीवाला मात्र बोळे मोजत होता.

त्याला सगळे पेटीवालाच म्हणत. मोठ्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात तो एकोणीस वर्षं सरावाच्या पेट्या बनवत होता. पोटाचं ऑपरेशन आणखी लहान भोकातून, आणखी कमी त्रासात कसं होईल, हे तिथले डॉक्टर शोधत. माणसाला हात लावण्याआधी ते महिनोन्महिने या पेट्यांवर हात बसवत. वर रबराची कातडी, आत खोटं पित्ताशय, आणि शिरा म्हणून हातमोज्यांची कापलेली बोटं, लाल पाण्यानं भरून दोऱ्यानं बांधलेली. चुकीच्या जागी कापलं की पेटी रक्तबंबाळ. आणि तिथला एक नियम होता, पेटी असो की माणूस: आत गेलेले बोळे आणि बाहेर आलेले बोळे मोजून जुळल्याशिवाय पोट शिवायचं नाही. त्यामुळे कापूस दिसला की याच्या डोक्यात आकडे सुरू व्हायचे.

चौथ्या माणसाच्या वेळी ताटात दहा बोळे होते आणि भांड्यात अकरा पडले. आपलीच चूक, असं त्याला वाटलं. आता या पाचव्या बाईलाही दहाच दिले होते. पडले अकरा.

“भाऊजी, चेहरा असा का केलाय?” शेजारी बसलेल्या धाकटीनं हळूच विचारलं. धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची पाठची बहीण. तिच्या हातात सात नंबरचा कागद होता. पित्ताशयात खडे, दोनदा पोट धरून लोळली होती. उद्या सकाळी तिचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं होतं. “इथं मोकळी झाले तर उद्याचं रद्द करणार,” असं तिनं घरातून निघतानाच सांगितलं होतं.

“धाकटे, उठ. घरी चल.”

“पुन्हा तेच? ताईला तुम्हीच आणलं होतं ना इथं?”

त्यानंच आणलं होतं. बायकोलाही असेच खडे होते. तिला ऑपरेशनची धास्ती होती आणि त्याला तिचं रडणं बघवेना. संशोधन विभागात पगार घेणारा माणूस स्वतः तिला स्कूटरवर मागे बसवून याच हॉलमध्ये घेऊन आला होता. बोटं आत जाताना त्यानं डोळे मिटले होते. हातवाल्यानं एका डबीत खडा दिला, “मोकळी झालीस, पोरी” म्हणाला. नंतर दुखायचं तेव्हा ती म्हणायची, “खडे तर गेले, वात असेल.” सात आठवड्यांनी खडा पित्ताच्या नळीत अडकला. कावीळ झाली, ताप चढला, रक्तात विष पसरलं. हॉस्पिटलात पोचायला चार दिवस उशीर झाला होता. डबीतला खडा तिथल्या डॉक्टर मॅडमनी फोडून बघितला. वाळूतला साधा खडा.

“तिला उशिरा नेलं म्हणून ती गेली, धाकटे.”

“इथून ताई चालत घरी आली होती, भाऊजी. हॉस्पिटलातून आली नाही.”

हे मात्र खरं होतं. आणि एवढंच खरं धरून बसलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

सहाव्याला दहा बोळे. पडले अकरा.

“सात नंबर!”

धाकटी उठली. पेटीवालाही तिच्या मागोमाग पलंगापर्यंत गेला. मदतनिसानं अडवलं तेव्हा म्हणाला, “नातेवाईक आहे. पायाशी उभा राहतो.” हातवाल्यानं मान डोलावली. त्याच्या खेळाला रडवेला नातेवाईक लागायचाच.

धाकटी टॉवेलावर आडवी झाली. मदतनिसानं नवं ताट आणून लोकांना दाखवलं. “बघा, नुसता कापूस!”

“दहा बोळे,” पेटीवाला म्हणाला. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण आवाज हॉलभर गेला.

हातवाला हसला. “काय म्हणता, काका?”

“ताटात दहा आहेत. मागच्या तिघांनाही दहा दिलेत, आणि भांड्यात प्रत्येकाचे अकरा पडलेत. अकरावा कुठून येतो?”

“अहो, लोक इथं जीव वाचवायला येतात आणि तुम्ही कापूस मोजताय?” हॉल खदखदून हसला. “घरी बायको गाद्या भरते का?”

“बायको गेली. तुम्ही बरी केलेली होती ती.”

हसू थांबलं. हातवाल्याचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच सावरला. “श्रद्धा कमी पडली असेल तिची.”

“तिची श्रद्धा काडीची कमी नव्हती. श्रद्धा होती म्हणूनच दुखत असताना घरी बसली. मला अकराव्या बोळ्याचं सांगा.”

“बाहेर काढा याला! याच्यामुळे हात बंद पडतोय माझा!” हातवाला कडाडला. दोघं-तिघं उठले. एकानं पेटीवाल्याची कॉलर धरली, दुसरा म्हणाला, “बायको मेली म्हणून डोकं फिरलंय.” या गडबडीत मदतनीस पुढे झाला आणि धाकटीच्या कमरेखालचा टॉवेल ओढू लागला.

“ओढू नका!” धाकटी ओरडली. “खाली काहीतरी आहे. मघापासून गार लागतंय.” तिनं हात खाली घातला आणि मूठ बाहेर काढली.

मुठीत एक बोळा होता. अकरावा. धाकटीनं तो तिथंच उलगडला. आत रबराचं छोटं लाल बोंड, तोंड दोऱ्यानं बांधलेलं, आणि त्याला चिकटून एक खडा.

पेटीवाल्यानं ते लांबूनच ओळखलं. आठवड्याला तो असली चाळीस बनवायचा.

“सोड कॉलर,” तो म्हणाला, आणि सुटली. “हे हातमोज्याचं बोट आहे. हा बोळ्यातून ते मुठीत घेतो. आता बघा.” त्यानं बोंड आणि खडा धाकटीकडून घेतले आणि सदरा वर केला. सुटलेलं पोट एका हातानं ढिलं करून धरलं, दुसऱ्या हाताची बोटं दुमडून पेरं आत दाबली. कातडी दोन्ही बाजूंनी वर आली आणि बोटं पोटात बुडाल्यासारखी दिसेनाशी झाली. मग त्यानं नखानं रबर फोडलं. लाल पाणी पँटपर्यंत ओघळलं. पुन्हा ‘आई गं’ झालं, पण आता हळू. त्यानं चिमटीतला खडा वाटीत टाकला.

टण्ण.

“बोटं दुमडलेली आहेत, आत गेलेली नाहीत,” तो म्हणाला. “मी काही संत नाही. मी पेट्या बनवतो. आता यांना सांगा, बाह्या कोपरापर्यंत वर करा, टॉवेल काढा, आणि माझ्या हातचे दहा बोळे घेऊन कुणाचाही खडा काढून दाखवा. मी पाया पडतो.”

सगळे हातवाल्याकडे बघू लागले. “अविश्वासाच्या जागी मी थांबत नाही,” म्हणत तो मागच्या दारानं सटकला. जाताना खड्यांची वाटी विसरला नाही.

हॉल काही लगेच रिकामा झाला नाही. तो खुर्चीवर चढणारा म्हातारा तर हातातला कागद नीट घडी करत म्हणाला, “आमच्या शेजारणीला गुण आला होता हो.”

“आजोबा, काही दुखणी आपोआप थांबतात. शेजारणीच्या पोटाची सोनोग्राफी करून बघितलीय का, खडा आत आहे की गेला?”

“तेवढं नाही विचारलं.”

“विचारा. आजच विचारा. माझ्या घरी कुणी विचारलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी ऑपरेशनच्या कपड्यांत बसली होती. तिची भीती काही गेली नव्हती. डॉक्टर मॅडम आल्या तशी तिनं एका दमात विचारलं, “मरतात का यात?”

“फार क्वचित. पण हो, मरतात,” मॅडम म्हणाल्या. “आमच्याकडे किती जणांना काय त्रास झाला, ते लिहिलेलं आहे. वाचायचं असेल तर देते.”

“भोकं किती?”

“चार. एका भोकातून करायचं संशोधन चाललंय, पण तुमच्यासाठी ते जास्त चांगलं ठरेल असं अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून चार.”

“आणि मला पुन्हा कधीच दुखणार नाही ना?”

“ते मला माहीत नाही. बहुतेकांना दुखत नाही. तुमचं आज कसं सांगू?”

धाकटीनं पेटीवाल्याकडे बघितलं. “भाऊजी, तो हातवाला कधी ‘माहीत नाही’ म्हणाला होता का?”

“एकदाही नाही.”

“पेन द्या,” ती म्हणाली, आणि संमतीचा कागद पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मॅडम घाईत होत्या, तरी थांबल्या. पेटीवाला बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. बायकोच्या वेळी त्यानं एकही प्रश्न विचारला नव्हता. आता तो भेटेल त्याला सांगतो: तुमच्या अंगाला हात लावणारा डॉक्टर असो की बाबा, त्याला विचारा. कसं करता, किती जणांना गुण आला, किती जणांना नाही, आणि नाही आला ते कुठं लिहिलंय. जो रागावेल, त्याच्यासमोरून उठा. उठायला लाज वाटली तरी उठा. मला वाटली होती, म्हणून मी बसून राहिलो.