धुराड्यापाशी झालेली तपासणी

नाताळच्या सुट्टीआधी शाळेला आतून कडी घालायची, बाईंना बाहेर ठेवायचं आणि खाऊचं वचन लिहून घेतल्याशिवाय आत घ्यायचं नाही, ही आमच्या इंडियानातल्या पोरांची जुनी रीत. शाळेची बाई म्हणून माझी तिला हरकत नव्हती. सफरचंदं आणि पेपरमिंटच्या कांड्या मी आधीच लाकडांच्या खोपटात आणून ठेवल्या होत्या. हरकत होती ती तारखेला. गेल्या वर्षी सुट्टीआधीच्या शुक्रवारी मी पहाटेच येऊन शाळेत बसले होते, ते पोरं विसरली नव्हती. म्हणून यंदा त्यांनी गुरुवारीच कडी घातली. आणि गुरुवारी तपासणी होती. मुलं घाबरतील म्हणून मी त्यांना ते सांगितलं नव्हतं. ही चूक माझी.

जिल्ह्यात एका खोलीच्या अकरा शाळा होत्या. त्यांतल्या चार बंद करून मुलांना सात मैलांवरच्या मोठ्या शाळेत पाठवायचं ठरलं होतं. तीन नावं पक्की झाली होती. चौथं आमचं की दुसऱ्या कुणाचं, ते शिक्षणाधिकारी गॉरेल साहेबांच्या अहवालावर होतं.

साहेब घोडागाडीतून उतरले तेव्हा मी माझ्याच शाळेचं दार ठोठावत उभी होते.

"बाई, शाळा कुठे आहे?"

"आत आहे, साहेब. तेवीसच्या तेवीस हजर आहेत."

त्यांनी दार ढकललं. आतून कुणीतरी ओरडलं, "आधी सही!"

साहेबांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "फळी आहे का हो? मी मास्तर होतो तेव्हा धुराड्यावर फळी ठेवायचो. धूर कोंडला की पोरं भराभर बाहेर. तीनदा केलंय."

"तेव्हा आपलं वय?"

"बावीस."

"छपरावर बर्फ आहे, साहेब."

पण ते खोपटातली फळी घेऊन, शिडी लावून चढलेसुद्धा. धुराड्याला हात लागला तोच त्यांचा पाय सटकला. फळी घसरत खाली आली, तिच्या मागोमाग शिडी. साहेब तेवढे वर राहिले.

शिडी ओक लाकडाची, सोळा फुटी. मी दोनदा उचलून पाहिली, जेमतेम गुडघ्यापर्यंत आली. आत हसण्याचा कल्लोळ उठला. मीही मफलर तोंडावर धरला.

खिडकी बोटभर उघडली. झेला उंबार्गर. वय चौदा, वर्गात सगळ्यांत मोठी.

"बाई, वर कोण आहे?"

"जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी."

आतून एक बारीक आवाज आला, "मेलो!"

"शाळा बंद करणारे तेच ना?" झेलाने विचारलं.

"ते ठरवायला आलेत."

खिडकी लागली. आत भांडण झालं, 'हात वर करा' असा पुकारा झाला, हात मोठ्याने मोजले गेले. खिडकी पुन्हा उघडली. "साहेबांना सांगा, खाऊ नको. शाळा चालू राहील असं लिहून द्या, मग शिडी."

"तिला सांगा," वरून साहेब म्हणाले, "मी इथे मजेत आहे. धुराडं मस्त तापलंय." ते पाठ टेकून बसले होते, पाय पसरून.

झेलाने मागे वळून हुकूम सोडला, "शेगडीत लाकूड घालणं बंद!"

"अगं, आपणच गारठू की!"

"बाकं जवळ ओढा. धाकटे मधे. कोट घाला सगळ्यांनी. बाई, आधी धुराड्याच्या विटा गार होतील की आम्ही?"

"आधी अंदाज, मग कारण," मी म्हणाले. सवयच ती.

नऊ वर्षांचा लेमन ट्रेडवे विचार करून म्हणाला, "वर वारा आहे. आत नाही. साहेबच आधी."

साहेब वरून वाकले, "बाई, हे यांना कुणी शिकवलं?"

"मी, साहेब. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. उष्णतेचं वहन."

"आणि हे हात वर करणं?"

"ते आपणच. ऑगस्टमधल्या शिक्षकांच्या मेळाव्यात आपण दोन तास सांगत होता, शाळा हे एक छोटं लोकराज्य असायला हवं, मुलांनी करून शिकायला हवं."

"हे असलं राज्य नव्हतं सांगितलं मी!"

मी घड्याळ पाहिलं. सतराव्या मिनिटाला साहेबांनी कॉलर वर केली, एकोणिसाव्याला म्हणाले, "पाठवा तो कागद."

कागद आणि पेन्सिल घातलेला जेवणाचा डबा झेलाने खिडकीतून मला दिला. मी तो वर फेकला. तिसऱ्या खेपेला साहेबांनी झेलला. साहेबांनी सही करून कागद मला वरूनच दाखवला आणि खिशात ठेवला. दार उघडलं, पोरं आरडाओरडा करत शिडीकडे धावली.

"बाई, आम्ही येईपर्यंत तुम्ही आत जायचं नाही हं!" झेला ओरडली.

"नाही गं बाई."

साहेब आम्हा सगळ्यांबरोबर आत आले, पुन्हा पेटवलेल्या शेगडीजवळ उभे राहिले आणि खिशातून तो कागद काढला. "अडवून घेतलेली सही कायद्यात बसत नाही," असं म्हणून त्यांनी तो शेगडीत टाकला.

झेलाचा ओठ थरथरला.

साहेब माझ्या टेबलाशी बसले. अहवालाचा छापील कागद उलगडून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: शाळा चालू ठेवावी. मग खालच्या रकान्यापाशी टाक थांबला.

"कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

तेवीस तोंडं एकदम उघडली.

"एकेकाने!" साहेबच ओरडले. "हात वर करा."

तीन सूचना आल्या. बाई चांगल्या आहेत. मोठी शाळा लांब आहे. आम्ही तुम्हाला खाली आणलं. मतं मी मोजली: दोन, सात, चौदा. पहिल्या सूचनेला हात वर करणाऱ्या दोघांची नावं मी मनात नोंदवली.

"चौदा," साहेब म्हणाले, आणि टाक शाईत बुडवून, ओठ घट्ट मिटून हसू दाबत, त्यांनी बहुमताचं कारण शब्दशः लिहिलं.