फुटबॉलच्या पोटातला मी

मी एक जुना ब्लॅडर आहे. चामड्याच्या फुटबॉलच्या पोटात जो रबरी फुगा असतो, तो मी. मित्रांनो, कौतुक नेहमी चामड्याचं होतं. माझी आठवण हवा गेल्यावरच येते.

बोरिवलीच्या एका शाळेत मी नोकरीला होतो. मार्तंड सर सायकलच्या पंपानं मला फुगवत, तोंड बांधत, वरून चामड्याची वादी आवळत. संघाचा गोली, म्हणजे गोलकीपर, होता जॉनी. त्यानं मला छातीशी धरलं की मलाच सुरक्षित वाटे.

तेव्हा मुंबईत दारूबंदी होती. म्हणजे दारू बाटलीतून फिरत नसे, इतकंच. ती माझ्या भाईबंदांच्या पोटातून फिरे. पोलीस बाटली पकडत. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना मात्र शाबासकी देत.

सेमीफायनल जिंकल्यावर जॉनीनं मला चामड्यातून उपसलं आणि दहिसर नदीपलीकडच्या हातभट्टीवरून भरून आणलं.

"बापाला वास आला तर?" संघातल्या जयवंतनं विचारलं. त्याचे वडील गिरणीत होते, हात जड होता.

"बडीशेप खा ना. आमच्यात लग्नाला आजीपण घेते. काय झालं तिला?"

आजीची घरी गाळलेली असे. माझ्यातली कुठल्या पिंपातली होती, देव जाणे. मी रबर, तरी मला आतून जळजळत होतं.

जयवंतनं एक घोट घेतला आणि थुंकला.

"बायल्या, दे इकडे," म्हणत जॉनीनं त्याचाही वाटा संपवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात जॉनी डोळे चोळत म्हणाला, "जयवंत, एवढं धुकं कुठून आलं रे?"

बाहेर लख्ख ऊन होतं.

दारूत विषारी स्पिरिट होतं, असं डॉक्टर म्हणाले. जॉनी वाचला. डोळे वाचले नाहीत. त्याची आई, क्लॅरिसबाई, डॉक्टरांना एकच विचारत राहिली, "चष्म्यानं नाय होणार काय?"

सरांनी मला साबणानं खळखळून धुतलं आणि पुन्हा चामड्यात भरलं. शाळेला दुसरा ब्लॅडर परवडत नव्हता.

मग जॉनी गोलच्या मागे दगडावर बसू लागला. एकदा त्यानं विचारलं, "गोलमध्ये कोण आहे रे?"

"मी," जयवंत म्हणाला.

"मग गेलीच मॅच."

सगळे हसले. जयवंत हसला नाही. जॉनीनं बॉल मागून घेतला आणि वादीशी नाक नेलं.

"अजून वास येतो रे ह्याला."

"नाही येत. सरांनी धुतलाय."

"मला येतो," जॉनी म्हणाला आणि बॉल परत द्यायला हात पुढे केला. तो हवेत दोनदा चाचपडला, तेव्हा जयवंतचा हात सापडला.

मित्रांनो, माझं रबर आता चिरत चाललंय. मला जपा, उन्हात टाकू नका, असलं काही मी मागत नाही. माझ्यात फक्त हवा भरा.