पिवळी पाचर

मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एक जुनी लाकडी पाचर आहे, विटेएवढी, एका बाजूनं निमुळती. पण सोळा वर्षं आगगाडीचे तीन डबे आणि त्यातली दीडशे माणसं मी डोंगराच्या चढावर धरून ठेवली. तुम्ही एका दिवसाच्या सहलीला येता, धबधबे बघता, डोंगरातल्या गावांना हात हलवता. चाकाखाली कोण आहे, हे वाकून बघायला तुमची कंबर दुखते.

मला गार्डमामांनी एका कठीण ओंडक्यातून घडवलं. रुळावर पकड यावी म्हणून अंगावर मुद्दाम खाचा पाडल्या. धबधब्याच्या थांब्यावर इंजिन डबे सोडून पाणी भरायला वरच्या गावी जातं. वीस मिनिटं डबे उतारावर एकटे उभे. हातब्रेक आवळलेला असतो, पण तो माझ्याहून म्हातारा. म्हणून शेवटच्या चाकामागे मी. मामा मला पायानं दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "धर गं बाई." मी धरायचे.

मग तपासणी होणार असं कळलं आणि स्टेशनच्या साहेबांच्या अंगात आलं.

"साहेब, हिच्या खाचा झिजल्यात," मामा म्हणाले. "नवी करायला लाकूड द्या."

"लाकडाला अर्ज लागतो, मामा. पिवळा रंग मारा, नव्यासारखी दिसेल."

"दिसून काय करू? तिनं धरायला हवं."

"बघणार तपासणीवाले आहेत, चाक नाही."

मामा पुटपुटले, पण ब्रश त्यांनीच हातात घेतला. ते माझे लाडके असले तरी हे मी लपवणार नाही. उरल्यासुरल्या खाचा रंगानं बुजल्या. तपासणीवाल्यांनी माझं कौतुक केलं. सोळा वर्षांतलं पहिलं!

दुसऱ्या दिवशी मामी गाडीत बसल्या. "इतकी वर्षं नुसतं ऐकतेय, आज तुमचा धबधबा डोळ्यांनी बघते," म्हणाल्या. मी डब्यामागच्या आकड्याला लटकले होते. प्रत्येक वळणाला माझा गुळगुळीत पोटभाग डब्यावर आपटायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. गावं मागे पडत होती, मुलं टाटा करत होती. मला एवढंच दिसत होतं, की पुढचा रूळ तुषारांनी ओला असणार.

होताच. इंजिन गेलं. मामांनी मला चाकामागे सारून ठोकलं. "धर गं बाई." आणि मामी माझ्या मागे पाच पावलांवर, रुळावरच बसल्या. चपला काढून पाय रुळालगतच्या ओढ्यात सोडले.

डब्यातली सगळी माणसं फोटोसाठी एका दारात लोटली. डबा हलला. जुना ब्रेक करकरला आणि सुटला. चाक माझ्यावर चढलं. मी धरलं, मित्रांनो, शपथेवर सांगते. पण रंगाला कुठली पकड? मी घसरले. बोटभर. मग वीतभर. मग थांबेचना.

"अहो!" मामी किंचाळल्या. "तुमची पिवळी बाई चालायला लागली!"

"आधी रुळावरून ऊठ!" मामा डब्याकडे धावले.

मामी उठल्या, पण पळाल्या नाहीत. ओंजळी भरभरून खडी रुळावर टाकू लागल्या. वर मामा ब्रेकचं चाक फिरवत होते. खडी माझ्या पोटाखाली आली, रंग सोलून निघाला, उघडं लाकूड रुळाला भिडलं. थांबले. मामींची एक चप्पल रुळावर राहिली होती, माझ्यापासून चार बोटांवर.

"काकू, पुन्हा टाका ना खडी, व्हिडिओ राहिला," दारातला एक जण म्हणाला.

"तू ये, रुळावर झोप. मग मीच काढते तुझा व्हिडिओ!"

साहेबांनी अहवालात लिहिलं, "पाचर जुनी असल्यानं घसरली." रंगाबद्दल एक अक्षर नाही. आता मी त्यांच्या कचेरीचं दार आपटू नये म्हणून दाराखाली असते.

नवी पाचर मामांनी घरच्या खाटेचा पाय कापून केली. दोघं हल्ली जमिनीवर निजतात. खोल खाचांची, उघड्या अंगाची पोर आहे ती. वस्तू जपायची म्हणजे तिला सजवायचं नसतं, मित्रांनो. तिचं काम जपायचं असतं.

पण सोमवारी पुन्हा तपासणी आहे. साहेबांनी पिवळ्या रंगाचा डबा मागवलाय. तो माझ्या शेजारीच ठेवलाय. मला हात नाहीत, पाय नाहीत. मित्रांनो, तुम्हाला आहेत. कुणीतरी या, आणि तो डबा लाथाडा.