तिसऱ्या मजल्याचं दार

साहेबांनी सही न करताच फाइल परत सरकवली. "चौदावं पान काढून टाका, किल्लीताई. मग लगेच देतो सही."

कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून अठरा वर्षं एकाच सात मजली ऑफिसची देखभाल करणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? पाणी कुठे गळतं, कुठली लिफ्ट कधी रुसते, सगळं तिला तोंडपाठ. पण कंपनीने फतवा काढला, इमारत व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट नसेल तर यापुढे सुपरवायझर म्हणून राहता येणार नाही. झालं! पन्नाशीला टेकलेली बाई वर्षभर पुस्तकात डोकं खुपसून बसली. लेखी पेपर सुटला. राहिली ती ही फाइल. आपल्याच इमारतीची तपासणी करायची, जे दिसेल ते लिहायचं, त्यावर मॅनेजरची सही घ्यायची आणि आज पाचच्या आत जमा करायची.

चौदाव्या पानावर तिने लिहिलं होतं की आग लागल्यास बाहेर पडायचं तिसऱ्या मजल्यावरचं दार साखळी लावून बंद केलेलं आहे.

"साखळी तुम्हीच लावायला सांगितलीत, साहेब."

"मग काय करणार? माणसं जिन्यात जाऊन सिगारेटी फुंकायची. आणि आजवर इथे आग लागलीये का कधी?"

"लागल्यावर लिहू का? साठ माणसं बसतात त्या मजल्यावर!"

साहेब हसले. ते हसणं तिला फार झोंबलं. मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड गठ्ठा काढून तिच्यापुढे आपटला. "हे तुमचे दर आठवड्याच्या तपासणीचे तक्ते. तिसरा मजला, दार ठीक. ठीक. ठीक. खाली सही कोणाची आहे तेही वाचा. ते पान जमा झालं, तर हा गठ्ठाही त्याच्यासोबत जमा होईल."

सही तिचीच होती. महिन्याच्या एक तारखेला चहाचा कप शेजारी ठेवायचा आणि चारही आठवड्यांच्या रकान्यांत एका दमात 'ठीक' लिहून मोकळं व्हायचं. आधीच्या सुपरवायझरने तिला असंच शिकवलं होतं आणि तिने हाताखाली आलेल्यांना. सगळेच तसं करायचे. ती बाहेर आली आणि लेकीला फोन लावला.

"आई, काढ ना ते पान," लेक म्हणाली. "वर्षभर झोपेचं खोबरं केलंस. साहेबांशी नंतर भांड हवं तेवढं."

"तो मेला माझ्याच सह्या माझ्या तोंडावर फेकतो गं!"

"पण आई, त्या तुझ्याच आहेत ना?"

तिने फोन बंद केला. साहेबांचा राग, त्या जुन्या सुपरवायझरचा राग, लेकीचा राग, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त स्वतःचा. रागारागात तिने पान काढलंही. घडी करून खिशात घातलं आणि साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलीही. तिथून मात्र पाय आत जाईना. ती तशीच मागे फिरली, हत्यारांच्या खोलीतून मोठा कटर उचलला आणि तिसरा मजला गाठला.

साखळी खळ्ळकन जमिनीवर पडली. सगळा मजला माना वळवून बघायला लागला. तिने दाराचा दांडा दाबला. दार हललं नाही. खांदा लावला, तरी नाही. जवळचे दोघे खुर्च्या सोडून मदतीला आले, तिघांनी मिळून जोर केला, पण गंजलेलं दार चौकटीत रुतून बसलेलं. साखळी नसती तरी ते कुणाच्या बापाला उघडलं नसतं.

साहेब धापा टाकत आले. "हा काय तमाशा मांडलाय?"

"ढकला, साहेब. या, तुम्हीही ढकलून बघा."

साठ जणांच्या नजरा अंगावर होत्या. साहेबांनी दाराला हात लावल्यासारखं केलं आणि मागे घेतला.

"ताई," टेबलापाशी उभ्या असलेल्या एका मुलीने विचारलं, "तुम्ही दर आठवड्याला हे दार तपासता ना? तिथे तक्ता लावलाय, त्यावर ठीक लिहिलंय."

साहेब पटकन किल्लीताईकडे वळले. डोळ्यांनीच गप्प बसा म्हणत होते. तिचा आवाज संतापाने चिरका झाला होता.

"नाही तपासत. एकदाही नाही तपासलं. मी खोटं लिहीत होते."

तिने खिशातलं पान काढलं, नुकतं बोललेलं सगळं त्याच्याखाली लिहिलं, सही केली आणि पेन साहेबांपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. "सर्टिफिकेट विसरा आता," एवढं म्हणून ते लिफ्टकडे गेले.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. तिने पेन खिशात ठेवलं, मघाच्या दोघांना पहार आणायला पाठवलं आणि पुन्हा दाराला खांदा लावला.