आधी सुटलेली गाडी

दीपकने पहाटे गोठा झाडला, गाईंच्या धारा काढल्या, पणदऱ्याच्या डेअरीवर दूध घातले आणि रिकामी किटली विसळून पालथी ठेवली. मग उभ्याउभ्याच चहा घेऊन त्याने शर्यतीची मोटारसायकल बाहेर काढली.

कन्हेरीजवळच्या एका खाजगी आवारातील सरळ डांबरी पट्ट्यावर हौशी तरुणांच्या शर्यती होत. नियम माणुसकीचा होता : सकाळच्या चाचणीत ज्याची गाडी सावकाश ठरेल, त्याला शर्यतीत आधी सोडायचे. दीपक चाचणीत वेगाची मूठ आवरून धरी आणि दुपारी पुरती पिळी. कोणी विचारलेच, तर म्हणे, "ऊन लागल्याबिगर माझी गाडी पळत न्हाय!" मागच्या खेपेला इंदापूरच्या मोईनला त्याने असेच हरवले होते. आजही चाचणीत त्याने तेच केले.

चाचणी आटोपून तो सावलीत आला, तो मोईनच्या गाडीकडे पाहून थबकला.

"पुढचा ब्रेक कुठाय रं?"

"काढला. तेवढंच वजन कमी," मोईन म्हणाला. "तुझी सावकाश गाडी मला मागं टाकती, म्हंजी खोट माझ्यातच हाय. इंजिन खोलून दमलो, घावत न्हाय."

"अन् थांबणार कसा?"

"थांबायचं मागनं बघू."

निशाण टाकणारे गेणबा तात्या हे ऐकत होते. त्यांनी दीपकला बाजूला घेतले.

"रांगत्या पोराला चार पावलं पुढं सोडत्यात, त्यानं खेळात ऱ्हावं म्हणून. मिशा फुटल्यावर तू कशाला रांगतोस?"

"तात्या, नियमात बसतंय की."

"बसतंय. दुधात पाणी बी बसतंय, घालतोस का? ह्या मोईनला आज मी बिनब्रेकचा सोडणार न्हाय. पण उद्या हमरस्त्यावर कोण आडवणार?"

दीपकची मान खाली गेली. अरे, आपण शर्यत जिंकली नव्हती. एका धडधाकट माणसाचा स्वतःवरचा विश्वास चोरला होता!

मोईनकडे जाऊन त्याने सगळे सांगितले.

"म्हंजी माझी गाडी बरी हाय?" एवढेच मोईनने विचारले. दीपककडे त्याने पाहिले नाही.

वाचकहो, दुबळ्यासाठी राखलेली सवलत बळकटाने लाटली, की नियम बदनाम होतो आणि प्रामाणिक माणूस स्वतःतच खोट शोधत बसतो.

दीपकने पाना उचलला. मोईनने ब्रेक पुढे केला; दोघांनी तो बसवला. मग दीपकने तात्यांना पुन्हा चाचणी घ्यायला लावली आणि मूठ पुरती पिळली; या वेळी त्याचीच गाडी वेगवान ठरली.

दुपारी निशाण पडले. मोईन आधी सुटला. त्याच्या गाडीचा आवाज दूर जात असताना दीपक रेषेवर आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबला.