एकाच पुस्तकातला खेळ

"नियमांचं पुस्तक आपण आधीच छापलंय ना! यात फक्त पात्रं नि गोष्ट घेऊ," देवेश म्हणाला.

माझी लेक भाविका दिवसभर गोदामाच्या ऑफिसात असते. संध्याकाळी नारपोलीच्या आमच्या खोलीत पोरं जमवून खेळ घेते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, फासे पडतील तसं पुढं जायचं. खाडीच्या राखणदारांच्या एका चित्रकथेवर असा खेळ काढायची परवानगी देवेशच्या प्रकाशनानं घेतली होती. पुस्तक भाविका तयार करत होती.

"म्हणजे दोन पुस्तकं घेतल्याशिवाय खेळताच येणार नाही?" भाविकानं विचारलं.

"ज्यांच्याकडे नियम आहेत, त्यांनी तेच परत विकत का घ्यायचे?"

ते मलाही पटलं. पण भाविकाची मैत्रीण मदीहा उसळली, "आणि ज्यांच्याकडे नाहीत ते? अम्मी विचारेल, एक लिया ना, फिर वो अधूरा क्यों है?"

भाविकानं देवघराकडे बोट केलं. "आईची पोथी बघा. मांडणी, कहाणी, आरती, उद्यापन, सगळं एकात. विधीची पोथी वेगळी आणा म्हटलं असतं, तर कोणी व्रत धरलं असतं?"

"काकू, ही मला व्रताला बसवणार!" देवेश हसला. मग म्हणाला, "पानं वाढवता येणार नाहीत. नियम घालायचे तर काढू काय?"

भाविकानं पुस्तकाच्या पानांचा गठ्ठा पुढं ओढला. नियम प्रकाशनाचे, पात्रं चित्रकथेतली. तिची स्वतःची अशी एकच गोष्ट त्यात होती, कोन गावच्या खाडीवरची. तिचं नाव छापलं जाणार होतं ते त्या गोष्टीवरच.

"माझी गोष्ट काढा."

"येडी झालीस काय गं?" माझ्या तोंडून गेलं. "तुझं नाव त्याच्यावर हाय."

"नियम हातात आले की गोष्ट पोरं रचतील, आई. नियम कुठून रचतील?"

तिनं गठ्ठ्यातून आपली पानं उपसली. उरलेली सारखी केली आणि नैवेद्याचं ताट द्यावं तशी दोन्ही हातांनी देवेशपुढं धरली.

पुस्तक आलं तेव्हा शेजारच्या गुणाबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "भाविकाचं नाव कुठं हाय?"

"न्हाय त्याच्यात," मी म्हटलं. सांगताना माझी मान खाली गेली नाही.

गॅलरीत पोरं ते एकच पुस्तक मधे ठेवून बसली होती. त्यांनीच रचलेल्या गोष्टीतल्या वादळात त्यांची होडी बुडायला आली होती. सगळी एकदम ओरडत होती.

आत भाविका भाकरी थापता थापता थांबून ऐकत होती.